छपरावाल्याचं ‘चिमणी पॅकेज’: एका कोटेशनची उलटतपासणी

इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचं विटांचं घर घेतलेल्या माणसाच्या हातात कधी ना कधी एक कागद पडतो. छपरावाला शिडी लावून वर जातो, मोबाइलवर चार फोटो काढून आणतो आणि संध्याकाळी ई-मेल येते: ‘चिमणी री-पॉइंट, फ्लॉन्चिंग नवीन, लेड नवीन, दोन काउल, स्कॅफोल्डिंग धरून, दहा वर्षांची गॅरंटी.’ खाली एक आकडा, अधिक २० टक्के व्हॅट. रेडिंग, स्लाव, हॅरोकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कागद ओळखीचा असेल. हे परीक्षण त्या कागदाचं आहे, कुणा एका ठेकेदाराचं नाही. ओळी सगळीकडे सारख्याच असतात आणि चुकाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. पॅकेज जसंच्या तसं घेतलं तर पाचापैकी दोन तारे. त्यात तपासणी, चुना आणि शिशाचा ट्रे एवढ्या तीन गोष्टी घालून घेतल्या तर साडेचार. राहिलेला अर्धा तारा स्कॅफोल्डिंगच्या बिलाने खाल्ला.

इथून पुढे ‘धुराडं’ म्हणजे छपराच्या वर दिसणारा विटांचा खांब. त्याच्या पोटातल्या धुराच्या वाटा म्हणजे फ्लू. दोन खोल्यांत दोन शेगड्या असतील तर दोन फ्लू, आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांचेही त्याच खांबात.

पॅकेजमधली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कागदावर नसलेली ओळ: तपासणी. शिडीवरून काढलेला फोटो धुराड्याचं कातडं दाखवतो. आतलं दुखणं कळायला माळ्यावर चढावं लागतं, कारण तिथे विटा गिलाव्याशिवाय उघड्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात, खुपसून बघा. आतला माल (चुन्याचं किंवा सिमेंटचं मिश्रण) वाळूसारखा भुरभुर गळला आणि रंगाने काळपट निघाला, तर काजळी नि आम्ल आतून बाहेरपर्यंत झिरपलंय. विटेवर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर वीट शाबूत, बद्द आला तर तिचा पापुद्रा सुटलाय. आणि तिथेच खाली वाकून हेही बघा की धुराडं उभं कशावर आहे. खालच्या खोलीत जागा वाढवायची म्हणून आधीच्या कुणा मालकाने शेगडीची भिंत काढून टाकलेली असते, आणि वरचं टनभर ओझं दोन लोखंडी ब्रॅकेटवर, कधी तर नुसत्या लाकडी वाशावर टेकलेलं असतं. असं दिसलं तर छपरावाल्याला थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. त्याच्या सहीशिवाय वर एक वीटही चढवायची नाही.

धुराडं वापरात असेल तर स्वीपकडून साफ करून घेऊन धुराची चाचणी नि कॅमेरा, हे दोन्ही कामाआधी. दोन फ्लूंच्या मधली अर्ध्या विटेची पडदी झिजते आणि एका खोलीतला धूर दुसऱ्या खोलीत उतरतो. बाहेरून हे कधीच कळत नाही. गॅसची उपकरणं त्याच फ्लूला जोडलेली असतील तर काम चालेपर्यंत ती बंद, आणि नंतर गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) यादीतल्या माणसाने तपासल्यावरच चालू.

धुराडं कललंय का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला ओळंब्याशिवाय उत्तर नाही. फोटोत कललेलं दिसतं ते पुष्कळदा कॅमेऱ्याचं तिरकेपण असतं. खरोखर कलण्याचं नेहमीचं कारण सल्फेट. कोळशाच्या धुरातलं गंधक ओलाव्यात विरघळतं आणि सल्फेट होऊन दरजेत मुरतं. तिथे पोर्टलंड सिमेंटचा माल असेल तर त्यातल्या अ‍ॅल्युमिनेटशी त्याची गाठ पडून नवे स्फटिक तयार होतात, ते जास्त जागा मागतात आणि दरज फुगते. जी बाजू जास्त भिजते आणि उशिरा वाळते तिच्या दरजा आधी फुगतात, म्हणून धुराडं उलट्या अंगाला वाकतं. अशा धुराड्याच्या दरजा भरून काही होत नाही. आतला माल फुगतच राहतो. ते उतरवून नव्याने बांधायचं, आणि उतरवताना ‘वरचे पाच थर’ असा ठोकळेबाज हिशोब मान्य करायचा नाही. हाताने हलवून वीट उचलत नाही आणि दरज खुपसली तरी गळत नाही, त्या थरापर्यंत खाली यायचं. कललेल्या धुराड्यात तो थर बहुतेक वेळा छपराच्या रेषेजवळच सापडतो.

आता ‘री-पॉइंट’. मराठीत याला दरजा भरणं म्हणतात. पॅकेजमध्ये हा शब्द एकटाच येतो. कशाने भरणार, किती खोल भरणार, काहीच लिहिलेलं नसतं. न लिहिलेलं असलं म्हणजे सिमेंट, असं खुशाल धरून चाला. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन घरं मऊ विटांची आणि चुन्याच्या मालात बांधलेली आहेत. त्या बांधणीत पाऊस विटेत शिरतो आणि दरजेवाटे उडून जातो. वीट जपायची असेल तर झिजायचं काम दरजेने करायचं असतं. वरून सिमेंट भरलं की दरज विटेपेक्षा कडक होते आणि वाफेची वाट बुजते. सिमेंट आकसतं, विटेच्या नि दरजेच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर यायला जागा उरत नाही. मग थंडीत ते गोठतं.

असं धुराडं जवळून बघितलं की कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. राखाडी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या, शाबूत. आणि त्यांच्या चौकटीतल्या विटांचे चेहरे बोटभर आत गेलेले. सिमेंटची एखादी कांडी नखाने ओढली तर सहज सुटते, आणि तिच्या पाठीला विटेचा लाल पापुद्रा चिकटून येतो. माल टिकला, वीट गेली. दहा वर्षांच्या गॅरंटीत हे ‘दरज शाबूत’ या सदरात मोडतं, हे विशेष.

म्हणून कागदावर असं लिहून घ्यायचं: एनएचएल ३.५ जातीचा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, एकास तीन प्रमाणात, वजनाने नव्हे, मापाने. वाळू धारदार आणि लहान-मोठ्या दाण्यांची, गवंडी सरसकट वापरतात ती मऊ पिवळी नको. अगदी उघड्यावर, वाऱ्या-पावसाच्या तोंडावरच्या धुराड्याला काहीजण एनएचएल ५ घेतात; वीट कडक असेल तर हरकत नाही, मऊ विटेला ३.५ बरा. जुनी दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट तरी, म्हणजे २० ते २५ मिमी, खरवडून काढायची. ती छिन्नीने काढायची. ग्राइंडर फिरवला की उभ्या दरजांशी विटांच्या कडा कापल्या जातात, आणि ती जखम कायमची राहते. मग धूळ झाडून, पाणी मारून, ओली पण ठिबकत नसलेली दरज आतून घट्ट दाबत भरायची. माल आवळला की कडक ब्रशने ठोकायचा, म्हणजे वरची गुळगुळीत साय जाऊन पृष्ठभाग खुला राहतो. थापीने चोळून चकचकीत केलेली चुन्याची दरज दिसते छान, पण श्वास घेत नाही.

चुन्याची अडचण एकच: तो घाई सहन करत नाही. ५ अंशांच्या खाली काम नको, आणि पुढचे काही आठवडे हिमापासून जपायचं. त्यामुळे हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. ताज्या कामावर ओलं गोणपाट टाकून ऊन-वारा अडवावा लागतो आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा द्यावा लागतो. आपल्याकडे नव्या बांधकामावर पाणी मारतात तेच. नोव्हेंबरात ‘चुन्यातच करतो, लगेच करतो’ म्हणणाऱ्याला मार्चनंतरची तारीख मागा. नाहीच म्हणाला तर तो चुन्याच्या पोत्यात सिमेंट मिसळणार, हे ठरलेलं.

पुनर्बांधणीच्या ओळीत ‘साहित्यासह’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून अंदाज स्वतः काढून ठेवावा. दोन फ्लूंचं नेहमीचं धुराडं घेऊ: साडेतीन विटा लांब, दोन विटा रुंद, म्हणजे सुमारे ७८० बाय ४४० मिमी. भिंत अर्ध्या विटेची, मध्ये अर्ध्या विटेची पडदी. एका थराला नऊ विटा भोवताली नि एक पडदीला, अशा दहा. आजची वीट ६५ मिमी उंच, दरज १० मिमी, तेव्हा दीड मीटर उंचीला २० थर, २०० विटा. माथ्याजवळचे बाहेर काढलेले थर आणि फुटतूट धरून अडीचशे. चुन्याची २५ किलोची दोन पोती, वाळूची दहा-बारा. हे सगळं मिळून टनाच्या आसपास जातं, आणि उतरवलेला मालही तेवढाच. शिडी आणि छपरावर टाकलेली पाळणा-शिडी यांवर हे काम करतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. भोवती पूर्ण परांची हवी, तिला माल ठेवण्याचं वजन धरलेलं हवं.

विटा मात्र आजच्या मापाच्या घेऊ नका. जुन्या विटा जाड असतात, ६८ किंवा ७३ मिमीच्या सापडतात. नव्या ६५ च्या त्यांच्यावर चढवल्या की थर जुळत नाहीत आणि घराला दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं दिसतं. उतरवलेल्या शाबूत विटा साफ करून परत लावाव्यात. चुन्यातल्या विटा साफ होतात, सिमेंटमधल्या फुटतात. धुराकडची काळी बाजू बाहेर फिरवून वाचवलेली वीट लावायची युक्ती काहीजण करतात. ती करू देऊ नका. आतलं काजळीचं मीठ पुढे डाग होऊन फुटतं. लावण्याआधी विटा भिजवून घ्यायच्या, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि दरज जळते. दिवसाला आठ-दहा थरांपेक्षा जास्त चढवायचं नाही, खालचा चुना अजून मऊ असतो.

उंचीला हवी तेवढी मोकळीक नाही. इंग्लंडच्या इमारत नियमांनुसार आधार नसलेल्या धुराड्याची उंची, छपराला चिकटलेल्या सगळ्यात वरच्या बिंदूपासून वरच्या कुंडीसकट (फ्लूच्या तोंडावर बसवलेली नळी), सगळ्यात अरुंद बाजूच्या साडेचार पटींपेक्षा जास्त नको. वरच्या उदाहरणात ४४० गुणिले साडेचार, म्हणजे १९८० मिमी. दीड मीटर वीटकाम आणि त्यावर ४५० मिमी दिसणारी कुंडी, १९५० झाले, बसलं. कॅटलॉगमधली ९०० मिमीची नक्षीदार कुंडी आवडली म्हणून बसवली तर चौथा हिस्सा आत गाडूनही मर्यादा ओलांडली जाते.

शिशाबद्दल थोडं सविस्तर, कारण गळतीची तक्रार येते ती इथूनच. ‘लेड नवीन’ म्हणजे छपराला आणि धुराड्याला जोडणारी पट्टी: पुढे खालच्या बाजूला आडवी, दोन्ही कडांना पायऱ्या-पायऱ्यांची, आणि मागे पाणी वळवणारी पन्हळ. कोड ४ चं शिसं मागा, १.८ मिमी जाड, चौरस मीटरला साधारण २० किलो. गुंडाळीवर निळी खूण असते. हिरवी असेल तर तो कोड ३, पातळ, परत पाठवा. मागच्या पन्हळीला कोड ५, लाल खुणेचा, घेतला तर उत्तम. पट्टी दरजेत २५ मिमी आत जायला हवी, शिशाच्याच पाचरींनी आवळलेली. एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको. शिसं उन्हाने ताणलं जातं नि थंडीने आकसतं, लांब तुकडा अखेर फाटतो. सांधा १०० मिमीचा. शेवटी शिशावर पॅटिनेशन तेलाचा हात, नाहीतर पहिल्या पावसात कौलांवर पांढरे ओघळ.

हे सगळं व्यवस्थित केलं तरी माळ्यावर ओल येऊ शकते, आणि मग छपरावाला खांदे उडवतो. त्याची चूक नसते, कागदाची असते. पट्टी अडवते ते विटेच्या चेहऱ्यावरून ओघळणारं पाणी. पण छपराच्या वरचं धुराडं चारही बाजूंनी भिजतं, वीट पाणी पिते आणि ते विटेच्या पोटातून, पट्टीच्या मागून, खाली उतरतं. त्याला अडवायला छपराच्या रेषेशी धुराड्याच्या आरपार शिशाचा ट्रे लागतो. सगळ्या थराखाली एक सलग पत्रा, फ्लूच्या भोकाभोवती कड २५ मिमी वर वळवलेली, बाहेरच्या बाजूला पट्टीवर उतरणारी. ताज्या मालातला चुना शिशाला खातो, म्हणून दोन्ही अंगांना बिटुमिनचा हात द्यायचा. उतार तीव्र असेल तर कधी दोन पातळ्यांवर दोन ट्रे घालावे लागतात. धुराडं छपरापर्यंत उतरवलेलं असताना ट्रे घालणं हे अर्ध्या दिवसाचं काम. नंतर घालायचा म्हणजे थर तुकड्या-तुकड्यांनी कापत बसायचं. छपराच्या रेषेपासून नवं धुराडं आणि ट्रे नाही, अशा कोटेशनला तारा द्यायला हात धजत नाही.

माथ्यावरचं फ्लॉन्चिंग म्हणजे कुंड्यांभोवतीचा वाटा, म्हणजे पाणी ओघळावं म्हणून दिलेला मालाचा उतरता थर. कडेला पातळ धार काढून विटेबरोबर संपवलेला वाटा पहिल्याच हिवाळ्यात तडकतो, जाड ठेवावा. बंद फ्लूंवर सिमेंटचा सपाट ठोकळा बसवून ‘सील’ करणं ही तर हमखास होणारी चूक. फ्लूला वर हवा जाईल पण पाऊस शिरणार नाही अशी टोपी (कागदावरचं ‘काउल’), आणि खाली बुजवलेल्या शेगडीत जाळी, दोन्ही हवं. हवा खेळली नाही तर आतली काजळी ओल धरते. जुन्या राखाडी टोप्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या असू शकतात, त्या हातोड्याने फोडू देऊ नका.

वापरातल्या फ्लूवर जाळीची टोपी घ्या, कारण या देशात चिमणीत कावळा राहतो. जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी कुंडीतून काटक्या टाकत सुटतो आणि फ्लू पार बुजवतो. काऊ-चिऊच्या गोष्टीचा हा विलायती शेवट. घरटं चालू असेल तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्याला सहसा हात लावता येत नाही, पिलं उडेपर्यंत थांबावं लागतं. चुन्याचा हंगाम नि घरट्यांचा हंगाम एकच, तेव्हा टोपी आदल्या हिवाळ्यातच बसवलेली बरी.

लायनर, म्हणजे फ्लूच्या आत घालायची धातूची नळी, पॅकेजमध्ये ‘ऐच्छिक’ म्हणून येतो. शेगडी पेटवायचीच नसेल तर खरंच नको. लाकडाचा स्टोव्ह लावायचा असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, कोळसाही जाळायचा असेल तर ९०४, आणि बसवणारा हेटास (लाकूड-कोळशाच्या शेगड्या बसवणाऱ्यांची नोंदणी) यादीतला.

‘वॉटरप्रूफिंगचा फवारा’ या ओळीला एक तारा, तोही मारलेला फवारा परत काढता येत नाही हे आधी सांगितलं तर. फुटक्या दरजांवर मारलेला फवारा पाणी आत कोंडतो. दरजा नीट भरल्या तर बहुतेक धुराड्यांना त्याची गरज पडत नाही.

बेडरूमच्या भिंतीवरचा तपकिरी डाग या कामाने जाईल, असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. वर्षानुवर्षांच्या धुरातली मिठं त्या गिलाव्यात मुरलेली असतात आणि ती हवेतलाच ओलावा ओढतात. वरचं धुराडं ठणठणीत झालं तरी दमट दिवसांत डाग परत दिसतो. तिथला गिलावा काढूनच नवा करावा लागतो, आणि तो खर्च या कागदात धरलेला नसतो.

धुराडं सामाईक असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्यांना दोन महिने आधी लेखी नोटीस. आधी चहाला बोलवून सांगा, मग नोटीस द्या. त्यांचे फ्लूही त्याच परांचीवरून होतात आणि खर्च वाटला जातो. घर लिस्टेड (सरकारी वारसा-यादीतलं) असेल तर परवानगीशिवाय कुंडीसुद्धा बदलता येत नाही. आणि दारावर येऊन ‘तुमची चिमणी पडायला आली आहे’ म्हणणाऱ्याबरोबर घरातच सही झाली असेल, तर तो करार रद्द करायला साधारणपणे १४ दिवस मिळतात. काम आजच सुरू करतो म्हणण्याची त्याची घाई कशासाठी असते, ते यावरून कळतं.

शेवटचा हप्ता परांची उभी असतानाच्या पाहणीवर ठेवा. ट्रे घालतानाचे, मागच्या पन्हळीचे आणि वरच्या वाट्याचे फोटो मागा. परांची उतरली की ती जागा पुन्हा दिसत नाही. ओळंबा चारही कोपऱ्यांना लावून घ्या. काम चालू असताना विटांचे तुकडे खाली पडू नयेत म्हणून प्रत्येक फ्लूत पोती किंवा फुगे कोंबलेले असतात. किती कोंबले होते ते आधी लिहून ठेवा आणि तेवढेच बाहेर आलेले मोजून घ्या, मगच धुराची चाचणी करायला सांगा.